सखोबा पाटलांची बाज

वडखिंडीच्या सखोबा पाटलांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पुणे-नाशिक रस्त्याच्या मधोमध बाज टाकून बसले होते आणि निवांत तपकीर ओढत होते. बाजेच्या अलीकडे गाड्यांची रांग, पलीकडेही गाड्यांची रांग. बैल रवंथ करत होते आणि माणसं शिव्या देत होती. मी टपालाच्या टांग्यात होतो. टपालाची घोडी बदलायचा एक टप्पा वडखिंडीला होता, तिथं कारकून म्हणून माझी नेमणूक झाली होती आणि मी रुजू व्हायला निघालो होतो. नोकरी नवी, कोट नवा, आणि सरकारी माणूस झाल्याचा ताठाही नवाच होता.

टांगा हाकत होते जुन्नरचे इमामभाई. त्यांनी बिगूल उचलला आणि जोरात फुंकला. टपालाचा बिगूल वाजला की भल्याभल्यांच्या बग्ग्या बाजूला होतात, असं मला पुण्यात सांगण्यात आलं होतं. सखोबा पाटलांनी बिगूल शेवटपर्यंत ऐकून घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "आज दम चांगला लागलाय, इमामभाई. उतरा, पानी प्या."

"अहो, हे सरकारी टपाल आहे!" मी आतून ओरडलो.

"आन् मी सरकारी पाटील हाये," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "सरकारनं सरकारची वाट बघायची, भाऊसाहेब. त्यात कमीपना कसला?"

झालं होतं एवढंच, की गुळाची गाडी आणि कुंभाराची गाडी एकमेकींना घासून कुंभाराची गाडी कलंडली होती. रस्ताभर खापरं आणि खापरांत गुळाच्या ढेपा. माणसाला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण कुंभार म्हणत होता गूळवाला अंगावर आला, आणि गूळवाला म्हणत होता कुंभाराला डुलकी लागली होती. पाटलांनी गावच्या पहारेकऱ्याला, भिवा जागल्याला, जुन्नरला फौजदाराकडे पिटाळलं होतं आणि फौजदार येऊन पंचनामा करीपर्यंत चाकोऱ्या पुसू नयेत म्हणून रस्ता बंद करून टाकला होता. गुळाला मुंगळे लागले होते. गूळवाला रडकुंडीला येऊन म्हणाला, "पाटील, निदान मुंगळं तरी झटकू द्या." पाटील म्हणाले, "मुंगळं पंचनाम्यात घ्यायचं का न्हाई, ते फौजदार ठरवतील."

त्या दिवशी दिवेलागणीला मी टप्प्यावर पोचलो. रुजू होण्याआधीच मला उशिराचा खुलासा लिहावा लागला. तेव्हापासून त्या माणसाशी माझं वैर सुरू झालं, आणि ते कधी संपलं हे माझं मलाही कळलं नाही.

ही गोष्ट पहिली जर्मन लढाई सुरू व्हायच्या आधीची. रस्त्यावर तेव्हा बैलगाड्यांचं राज्य होतं. मोटार महिन्या-दोन महिन्यांतून एखादी यायची आणि गावातली झाडून सगळी कुत्री तिच्यामागे पळायची. तरीही अपघात व्हायचेच. वडखिंडीला रस्ता खिंडीतून उतरतो आणि गावाशी एकदम वळतो. पेंगलेले गाडीवान, उधळलेले बैल आणि बेल्ह्याच्या बाजाराला निघालेली जनावरं यांची गाठ नेमकी त्या वळणावर पडायची. असं काही झालं की गावात ओरडा व्हायचा आणि पाटलांच्या घरातून बाज निघायची. बाभळीच्या पायांची, सुंभानं विणलेली साधी बाज. पुढे भिवा जागल्या ती डोक्यावर घेऊन पळतोय आणि मागे पाटील पागोटं गुंडाळत येताहेत. ती रस्त्यात आडवी पडली की संपलं. नारायणगावात कुणाला उशीर झाला की तो एवढंच सांगायचा, "बाज पडली व्हती," आणि पुढे कुणी काही विचारायचं नाही. पुढे पुढे तर जे घरातून निघालेच नव्हते तेही बाजेवर ढकलायला लागले.

पाटील दिसायला अगदीच बेताचे होते. किडकिडीत अंग, बारीक आवाज, आणि मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. ते कधी रागवायचे नाहीत, आणि त्याचाच लोकांना जास्त राग यायचा. शिव्या देणाऱ्याचं ते सगळं ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "पावणं कुठलं?" पाहुणा गाव सांगायचा. "मंग तुमी आमच्या मंचरच्या मावशीच्या दिराच्या गावचं! बसा की राव." की पाहुणा बाजेवर. बाजेच्या काठांवर रांगेतली माणसं दाटीवाटीनं बसलेली, मध्ये पाटील, आणि तपकिरीची डबी हातोहात फिरतेय, असं चित्र मी कितीदा तरी पाहिलं. त्या बाजेवर सोयरिकी जमल्या, बैलांचे सौदे झाले. येडगावचे दोन सख्खे भाऊ बांधावरून भांडून बोलायचे बंद झाले होते. ते दोघे मिळून पाटलांना शिव्या देता देता एकमेकांशी बोलायला लागले.

आता कुणाला वाटेल, एवढा खुणा जपणारा माणूस माग काढण्यात मोठा वाकबगार असणार. छे! त्यांच्याइतका वाईट माग काढणारा माणूस मी पाहिला नाही. एकदा कुणाच्या तरी म्हशीला बुजून एका गाडीचे बैल ओढ्यात गेले. म्हैस पसार. पाटील तिच्या खुरांचा माग काढत निघाले. मागे दहा-वीस माणसं. ओढ्यातून वर, चिंचेखालून उजवीकडे, देवळाला वळसा, असं करत करत ते वाकलेल्या मानेनं एका गोठ्यात शिरले आणि म्हणाले, "ही बगा, घावली!" मान वर केली तर गोठा त्यांचाच. म्हैसही त्यांचीच. पाटलीणबाई शेणाची पाटी घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सकाळपास्नं सुटलीया म्हून वरडतीया मी, तवा कान कुठं व्हतं?" फौजदार आल्यावर पाटलांनी आपल्याच म्हशीविरुद्ध जबाब दिला आणि वर गाडीवानाला आपल्या घरी जेवू घातलं.

मी एकदा त्यांना चिडून विचारलं, "पाटील, तुम्हाला त्या चाकोऱ्यांतलं काही कळत नाही, मग त्या राखता कशाला?"

"कळत न्हाई म्हून तर राखतो, भाऊसाहेब," ते म्हणाले. "कळत असतं तर बगितलं असतं, फौजदाराला सांगितलं असतं आन् रस्ता मोकळा केला असता."

मी म्हटलं, "पण लोकांचा दिवस फुकट जातो ना."

"जातो की. तुमचा दिवस जातो. पर त्या गाडीवाल्यावर खोटं बालंट आलं, तर त्याचा जलम जातो. आता तुमीच तोला."

तोलायला मी काही वाणी नव्हतो. टपाल उशिरा गेलं की वरून मला कागद यायचा, तो पाटलांना येत नव्हता.

पण लोकांच्या खोळंब्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. वळणाला लागूनच त्यांचं स्वतःचं रान होतं. एकदा थंडीच्या दिवसांत बाज पडलेली असताना एक वऱ्हाड अडकलं. नवरदेव घोड्यावर, लग्न नारायणगावी, मुहूर्त जवळ आलेला, आणि नवरदेवाचा बाप पाटलांचे पाय धरतोय. पाटलांनी एकदा कलंडलेल्या गाडीकडे पाहिलं, एकदा नवरदेवाच्या मुंडावळ्यांकडे पाहिलं, आणि उठून आपल्या रानाचं काटेरी कुंपण उपसून बाजूला केलं. "जावा ह्याच्यातनं. म्होरं वढ्यापाशी रस्त्याला लागाल."

रानात हरभरा घाट्यांवर आला होता. वऱ्हाड गेलं. वऱ्हाडामागून गाड्या गेल्या, गाड्यांमागून शेळ्यामेंढ्या गेल्या, आणि जाणाऱ्या प्रत्येकानं हरभऱ्याचे दोन-चार डहाळे उपटून खाल्ले. नवरदेवानंसुद्धा घोड्यावरून वाकून एक उपटला असं म्हणतात. पाटलीणबाईंना कळेपर्यंत हरभऱ्याचं मैदान झालं होतं. त्या धावत आल्या आणि रस्त्यावरच्या शंभर माणसांदेखत त्यांनी पाटलांना विचारलं, "अवं, रस्ता सरकारचा अडवता आन् वाट माझ्या हरभऱ्यातनं देता? ह्यो कुठला न्याय?"

पाटील म्हणाले, "अगं, लगीन खोळंबलं व्हतं."

"आन् आता वरीसभर तुमी काय लगीन खाणार का?"

शंभर माणसं हसली. पाटील हसले नाहीत. पण पुन्हा रस्ता अडला तेव्हा त्यांनी पुन्हा कुंपण उपसलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत होती. शेवटी पाटलीणबाईंनीच तोडगा काढला. त्यांचं रान होतं खडकाळ. बाई हातात काठी घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी नियम घातला, की इथून जाणाऱ्या प्रत्येकानं रानातला एक दगड उचलायचा, बांधावर टाकायचा, मगच पुढं जायचं. मग तो गाडीवान असो, गोसावी असो की भीमाशंकराला निघालेला जटाधारी असो. टपालाची थैली घेऊन जाताना मीही दगड उचलले आहेत. एकदा घाईत मी जरा बारका उचलला, तर बाईंनी काठी आडवी घातली. "भाऊसाहेब, ह्यो दगूड हाये का शेंगदाना?" मी मुकाट्यानं मोठा उचलला. कोटाचं एक बटण त्या बांधात अजून कुठंतरी असेल.

बघता बघता ते रान असं साफ झालं, की पंचक्रोशीत तसं दुसरं नव्हतं. बांध कमरेएवढा उंच झाला. बाईंचा रागही निवळला. एकदा तर त्या मला म्हणाल्या, "आता एखादा अपघात वरच्या तुकड्यापाशी झाला तर बरं, भाऊसाहेब. तिथं लई दगूड हायेत."

फौजदारांची आणि पाटलांची गंमत तर जुन्नरभर सांगितली जायची. बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी वळणावर एका गाडीचा आस मोडला आणि दोन गाड्या एकमेकींवर चढल्या. बाज पडली. रान नुकतंच भिजवलेलं, त्यामुळे तिकडूनही वाट नव्हती. भिवा जागल्या फौजदारांना आणायला गेला. फौजदारही लगेच निघाले, पण तोवर नारायणगावाकडच्या अंगाला जनावरांची आणि गाड्यांची अशी दाटी झाली होती, की त्यांचा घोडा शेपटाशेपटांत अडकून पडला. त्यांनी भिवाबरोबर निरोप धाडला, "रस्ता मोकळा करा, म्हणजे मी येतो." पाटलांनी उलट निरोप धाडला, "तुमी या, पंचनामा करा, मंग रस्ता मोकळा करतो." फौजदारांनी पुन्हा निरोप धाडला. पाटलांनी पुन्हा उत्तर धाडलं. भिवा दुपारपर्यंत नुसता ये-जा करत होता. शेवटी फौजदार घोडा सोडून, बूट शेणात बुडवत, बैलांच्या पोटाखालून वाट काढत आले. आल्या आल्या त्यांनी दौत-टाक काढायला लावला आणि गरजले, "पंचनामा मागाहून. आधी ही बाज जप्त करा!"

बाज जप्त झाली. तसं लिहिलं गेलं, पंचांचे अंगठे झाले. मग पाटलांनी अदबीनं विचारलं, "सायेब, जप्तीचा माल कुणाच्या ताब्यात ठिवायचा?"

"नेहमीप्रमाणे गावच्या पाटलाच्या," फौजदार म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

बाज संध्याकाळी पाटलांच्या घरी परत गेली. त्यानंतर कुणी गाडीवान तिला हात लावायला आला, की पाटील सांगायचे, "जरा जपून, राव. आता ही सरकारी बाज हाये."

या वेडाचं मूळ मला पाटलांनी कधीच सांगितलं नाही. विचारलं की ते विषय मावशीच्या दिराकडे न्यायचे. सांगितलं ते पाटलीणबाईंनी, अंगणात शेंगा फोडता फोडता. पाटीलकी नवी नवी आली तेव्हा याच वळणावर गाडीखाली एक म्हातारी सापडून गेली होती. बाजाराचा दिवस होता, लोक ओरडत होते, आणि नव्या पाटलानं भीड पडून रस्ता सोडून दिला. सगळ्या खुणा जनावरांच्या पायांखाली गेल्या. पुढे कोर्टात त्यांना विचारलं, गाडी कुठल्या अंगाला होती? "ह्यांनी पाहिलंच कुठं व्हतं?" बाई म्हणाल्या. "पर येवढं मोठं सायेब इचारत्यात, तर न्हाई ठावं कसं म्हनायचं? ह्ये म्हनलं, उजव्या अंगाला. गेला तो गाडीवान तुरुंगात. सुटला तो परत गावाकडं आलाच न्हाई. उजव्या अंगाला व्हता का डाव्या, ते आमच्या ह्यांना अजून ठावं न्हाई. रातचं झोपंत बी कवा कवा डावा-उजवा करत्यात."

त्या दिवसानंतर मी बाजेवर चिडणं सोडलं असं नाही, पण चिडण्यात पूर्वीचा जोर राहिला नाही.

आणि मग ती मोटार आली.

तो बेल्ह्याच्या बाजाराचाच दिवस होता. इमामभाईंचा टांगा टपाल आणि एक म्हातारे गृहस्थ घेऊन खिंड चढत होता. समोरून एका बड्या शेटजींची मोटार उतरत होती. ते नाशिकहून पुण्याला निघाले होते. खिंडीच्या अरुंद भागात दोघांची गाठ पडली. टांगा उलटला, म्हाताऱ्याचं डोकं दगडावर आपटलं, आणि मोटार कडेच्या खडकाला धडकून पुढचं चाक वाकडं करून बसली. हाळी ऐकून मी टप्प्यावरून धावत गेलो तेव्हा म्हाताऱ्याला बेशुद्धीतच पलीकडच्या अंगाच्या एका गाडीत घालून नारायणगावच्या दवाखान्याकडे नेत होते. तो जगतो की मरतो हे कुणालाच माहीत नव्हतं. शेटजी छडी आपटत सांगत होते, "टांगेवाला झोपला होता! चुकीच्या बाजूनं अंगावर आला!" त्यांचा ड्रायव्हर मान हलवत होता. इमामभाई मोडक्या टांग्याशेजारी घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभे होते. ते एकच वाक्य बोलत होते, "मी माझ्या डाव्या हातानंच व्हतो." शेटजींच्या शब्दापुढे त्या वाक्याचं वजन किती, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. नोकरी तर जाणारच, आणि म्हातारा दगावला तर इमामभाईंना तुरुंग.

वजन होतं ते फुफाट्याला. खिंडीत घोटाभर धूळ होती आणि तिच्यात टांग्याच्या चाकांच्या दोन बारीक रेघा आणि मोटारीच्या रबरी चाकांचे दोन रुंद पट्टे लख्ख उमटले होते. मोटार आणि समोरच्या कडेचा खडक यांच्यामध्ये एक गाडी जाईल एवढी जागा होती, आणि सगळ्या खुणा नेमक्या तिथंच होत्या. पाटलांनी त्या जागेत बाज टाकली. भिवा फौजदारांकडे पळाला. खिंडीत दोन्हीकडे खडक, हरभऱ्याचं रान इथं कुठून आणणार? दोन्ही अंगांना गाड्या साचायला लागल्या.

अलीकडच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे होता गेनबा नावाचा बैलांचा व्यापारी. विकायला काढलेली खिल्लारी जनावरं, शिंगं रंगवलेली, गळ्यात गोंडे. बाजार हुकला तर आठवडाभर त्यांना घरी बसवून चारायचं. गेनबानं सकाळपासून पाटलांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मी टांगेवाल्यांच्या आणि गाडीवानांच्या शिव्या जन्मभर ऐकल्या, पण तसं वाणीचं वैभव पुन्हा कानावर आलं नाही. पाटलांनी त्यालाही विचारलं, "पावणं कुठलं?" गेनबा म्हणाला, "तुज्या तिरडीचं बांबू जिथनं येत्यात, तिथलं!" पाटील म्हणाले, "म्हंजी भीमाशंकराकडचं," आणि सरकून त्याला जागा केली. गेनबा काही बसला नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पलीकडच्या रांगेत एक गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून बाईच्या कण्हण्याचा आवाज आला. खिंडीपलीकडच्या वाडीतली पहिलटकरीण अडली होती, आणि तिला वडखिंडीच्या सुईणीकडे आणत होते. तिची आई पाटलांसमोर पदर पसरून उभी राहिली. "गाडी जाऊ द्या, पाटील. पोर माझी मरंल."

ती एक गाडी सोडली की दोन्ही रेघा आणि दोन्ही पट्टे पुसले जाणार होते. पाटलांनी बाईकडे पाहिलं. मग इमामभाईंकडे पाहिलं. एवढा वेळ त्यांना काही सुचत नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला स्वतःला काय करावं असं वाटत होतं, ते आजही मला सांगता येणार नाही.

आणि ते एकदम बारीक आवाजात ओरडले, "बाज उचला!"

रस्ता सुटला असं वाटून अलीकडचे गाडीवान कासरे ओढायला लागले. पण बाज गेली ती कडेकडेनं, खडकाला चिकटून, त्या गाडीपाशी. त्यांनी बाईला बाजेवर घेतलं. चार गडी खांद्याला लागले. खिंडीच्या वरच्या अंगानं शेळ्यांची एक पायवाट गावात उतरत होती. गाडीला ती चालणारी नव्हती, पण माणसांना चालणारी होती. ती वाट पाटलांना ठाऊक होती, खांदा देणाऱ्या वाडीच्या गड्यांना नव्हती. भिवा तर जुन्नरच्या वाटेवर होता, आणि गावातले बाकीचे गडी पहाटेच बाजाराला गेले होते.

म्हणजे पाटलांनाच पुढे जायला हवं होतं, आणि मागे खुणा उघड्या पडणार होत्या. त्यांचा पाय निघेना. तेव्हा इमामभाई पहिल्यांदा दुसरं काही बोलले. "जावा, पाटील. माझं अल्ला बघंल. जावा."

पाटलांनी दोन्हीकडच्या गर्दीवरून नजर फिरवली. ते फक्त "मी येतो" म्हणाले आणि वाटेला लागले.

ते दिसेनासे होताच शेटजी पुढे आले. "चला, आता कोण अडवणार आहे?" ते गर्दीला म्हणाले. "तुमचा बाजार बुडतोय ना? हाका गाड्या! रस्ता काय पाटलाच्या बापाचा आहे?"

हे शेवटचं वाक्य सकाळपासून गेनबानं निदान पन्नास वेळा उच्चारलं होतं. त्यानं सूर्याकडे पाहिलं. अजूनही निघाला असता तर बाजार उठायच्या आत पोचला असता. मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग त्यानं काठी उचलली. मला वाटलं, संपलं सगळं.

गेनबानं काठी आपल्याच पुढच्या बैलाच्या तोंडासमोर आडवी धरली आणि त्याला मागे रेटलं. मग तो खुणांच्या कडेला जाऊन मातीत बसला. "पावणं," तो शेटजींना म्हणाला, "कुठलं म्हनायचं तुमी?"

पलीकडच्या अंगाला दोन मेंढपाळ उठले आणि आपल्या कळपांसमोर उभे राहिले. एक शेळी सुटून मध्ये घुसली, तर तीन माणसांनी "अगं ए, खुना! खुना!" असा आरडाओरडा करून तिला जिथून आली तिथूनच परत नेली. शेटजींनी ड्रायव्हरला मोटार ढकलायला सांगून पाहिलं, तर ज्याला त्यानं मदतीला बोलावलं त्यानंच त्याला हाताला धरून खाली बसवलं. दुपार गेली. बेल्ह्याचा बाजार तिकडे भरून उठलाही असेल. अडवणारं कुणी नव्हतं आणि कुणी जातही नव्हतं.

पुढची हकीकत इथंच सांगून टाकतो, म्हणजे जिवाला घोर नको. तो म्हातारा वाचला. कोर्टात त्या रेघांनी आणि पट्ट्यांनीच साक्ष दिली आणि इमामभाई निर्दोष सुटून पुन्हा टांग्यावर बसले. मी दुसऱ्याच दिवशी बदलीवर निघालो, त्यामुळे सखोबा पाटलांचं मला शेवटचं दर्शन झालं ते त्या संध्याकाळचं.

ते शेळ्यांच्या वाटेनं एकटेच परत येत होते. बाज डोक्यावर, पागोटं कुठंतरी पडलेलं, आणि धापा टाकत ते वरूनच ओरडत होते, "पोरगी झाली! दोघी बऱ्या हायेत!" पण त्यांचे डोळे आमच्याकडे नव्हते, ते फुफाट्यावर होते. खाली पोचल्यावर ते वाकले. एक रेघ पाहिली, दुसरी पाहिली. पट्टे पाहिले. मग दोन्हीकडच्या गाड्यांकडे, बैलांकडे, बसलेल्या माणसांकडे पाहिलं. त्यांना ते खरं वाटेना.

"थांबलात व्हय रं?" ते म्हणाले. "गेनबा, तू बी?"

गेनबा चिडलाच. "तुमी हितं असता ना पाटील," तो म्हणाला, "तर बैल घालून गेलो असतो. तुमी न्हवता. मंग थांबाया नको का कुनीतरी?"

पाटलांनी बाज बाजूला उतरवली. तिच्यावर न बसता ते गेनबाच्या शेजारी मातीत बसले, उपरण्यानं तोंड झाकून थोडा वेळ रडले, आणि मग सगळ्यांबरोबर फौजदाराची वाट बघायला लागले.